देवमाशाचे वाटे

इंडोनेशियाच्या नकाशावर जावा आणि बाली ओलांडून नजर पूर्वेकडे नेली, म्हणजे लोंबोक, सुंबावा, फ्लोरेस अशी बेटांची लांब ओळ लागते. आणि फ्लोरेसच्या पूर्व टोकापलीकडे, जेथे ही ओळ संपली असे वाटावे तेथेच, सोलोर, आदोनारा व लेंबाता ही तीन लहान बेटे अरुंद सामुद्रधुन्यांनी एकमेकांपासून विलग झालेली दिसतात. ह्यांपैकी लेंबाता हे बेट जुन्या डच नकाशांत लोंब्लेन ह्या नावाने आढळते. १९९९ पर्यंत त्याचा कारभार फ्लोरेसवरील लारांतुका ह्या ठिकाणाहून चाले. त्या वर्षी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि उत्तर किनाऱ्यावरील लेवोलेबा हे त्याचे सदर ठाणे ठरले. लेवोलेबाला छोटा विमानतळ आहे, लारांतुकाहून काही तासांत पोचणारी बोट आहे, बाजार आहे, कचेऱ्या आहेत. परंतु ज्या गावाविषयी येथे लिहावयाचे आहे ते ह्या सर्व सोयींकडे पाठ करून, मध्ये डोंगर घालून, बेटाच्या दक्षिण अंगाला वसलेले आहे. तेथे जावयाचे तर माणसे, पोती आणि डुकरे ह्यांनी एकाच वेळी भरलेल्या मालमोटारीतून खडबडीत वाटेने काही तास हेलकावे खात जावे लागे, आणि पावसाळ्यात ती वाटही बेभरवशाची होई. ह्या गावाचे नाव लामालेरा.

लाबालेकान नावाच्या ज्वालामुखी पर्वताचा दक्षिण उतार जेथे सरळ समुद्रात उतरतो, तेथे काळ्या खडकांच्या दोन हातांमध्ये वाळूची एक आखूड पट्टी सापडली आहे, आणि तेवढ्या पट्टीच्या आधारावर हे दीड-दोन हजार वस्तीचे गाव उभे आहे. खालची आळी आणि वरची आळी असे त्याचे दोन भाग असून सरकारदप्तरी त्यांची दोन स्वतंत्र गावे झालेली आहेत. पण समुद्रावर जाताना ते एकच असते. पुळणीच्या वरच्या अंगाला गवताने किंवा झावळ्यांनी शाकारलेल्या नावांच्या शाळा एकीला एक लागून रांगेने उभ्या आहेत, आणि त्यांच्यामध्येच कोळ्यांचा पाठीराखा संत पीटर ह्याचे लहानसे प्रार्थनामंदिर आहे. जमीन म्हणाल तर ती दगडाची. मका कसाबसा उगवतो, भात नाही. वर्षातील बहुतेक महिने कोरडे जातात. जमिनीने असे हात आखडते घेतले असताना समुद्राने मात्र ह्या गावासमोर आपले सर्वांत मोठे प्राणी आणून ठेवले आहेत.

त्याचे कारण भूगोलात आहे. लामालेराच्या समोर जो सावू समुद्र पसरला आहे तो किनाऱ्यापासून अगदी थोड्याच अंतरावर अतिशय खोल होतो. पॅसिफिक महासागराचे पाणी हिंदी महासागराकडे ज्या वाटांनी वाहत जाते त्यांपैकी एक मोठी वाट ह्याच बेटांमधील सामुद्रधुन्यांतून जाते, आणि ह्या प्रवाहांमुळे खोल थरातील पोषक द्रव्ये वर येऊन समुद्र सजीवांनी समृद्ध होतो. देवमाशांची जी जात स्पर्म व्हेल ह्या नावाने ओळखली जाते ती अशाच खोल पाण्याची रहिवासी आहे. पृष्ठभागापासून एक हजार मीटरांहून अधिक खोल बुडी मारून, तासभर श्वास रोखून, काळोखात माकुळांची शिकार करणारा हा प्राणी आहे. त्याचा नर पन्नास फुटांवर लांब आणि चाळीस टनांहून अधिक वजनाचा होतो, आणि पृथ्वीवरील कोणत्याही प्राण्यापेक्षा त्याचा मेंदू मोठा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ज्या 'अंबर'च्या जप्तीच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो, तो सुगंधी पदार्थ ह्याच देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. लामालेराचे लोक त्याला कोतेक्लेमा म्हणतात. जगातल्या अन्य किनाऱ्यांवरून ज्याच्या शोधार्थ माणसांना महिनोन् महिने दर्यावर हिंडावे लागले, तो कोतेक्लेमा ह्या गावाला आपल्या पुळणीवर उभे राहून दिसतो.

ह्या गावाची माणसे मूळची येथली नव्हेत, हे ती स्वतःच सांगतात. त्यांच्या परंपरागत कथेप्रमाणे पूर्वज सुलावेसी बेटावरून निघाले, सेरामच्या बाजूने फिरत फिरत लेंबाताच्या पूर्वेकडील लापान-बातान नावाच्या बेटावर स्थिरावले, आणि ते बेट समुद्राने गिळल्यावर तेथून निसटून कोरोहामा नामक पुढाऱ्याच्या मागोमाग येथे आले. येथे आधीपासून राहणाऱ्या भूमिपती कुळांनी त्यांना किनाऱ्यावर वस्तीपुरती जागा दिली, आणि त्या जागेचा मोबदला आजतागायत चालू आहे. तो कसा, ते पुढे येईलच. आलेल्यांपैकी ब्लिकोलोलो, बाताओना आणि लेवोतुका ही तीन कुळे अग्रगण्य मानली जातात, आणि ह्या तिघांना मिळून जे नाव आहे त्याचा अर्थ चुलीचे तीन दगड असा आहे.

लिखित इतिहासात हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाताने शिरतो, आणि तेथे आपल्याकडचा एक धागा गुंतलेला सापडतो. आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेतल्यानंतर चंदनाच्या लोभाने पोर्तुगीज जहाजे तिमोरकडे जाऊ लागली. त्यांच्या मागोमाग डोमिनिकन पंथाचे धर्मोपदेशक सोलोर बेटावर उतरले आणि १५६६ च्या सुमारास त्यांनी तेथे किल्ला बांधावयास घेतला. मलाक्काचा धर्मप्रांत गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखाली होता आणि मुलकी कारभारही गोव्याच्या व्हाइसरॉयकडे पाहून चाले. म्हणजे लामालेरापासून थोड्याच अंतरावरच्या ह्या बेटांचे कागद त्या काळी मांडवीच्या तीरावरील दप्तरखान्यात येऊन पडत होते. १६२४ च्या सुमाराच्या एका निनावी पोर्तुगीज लेखात ह्या बेटांवरील लोक भाल्याने देवमासे मारतात आणि त्यांचे तेल काढतात, असा उल्लेख आहे. युरोपीय व अमेरिकन देवमासेमारीची जहाजे ह्या पाण्यात येण्यापूर्वी दीड शतकाहून अधिक काळ ही शिकार चालू होती, हे ह्या एका कागदावरून सिद्ध होते. पुढे १८५९ मध्ये लिस्बनच्या तहनाम्याने फ्लोरेस, सोलोर आणि आसपासची बेटे पैशाच्या मोबदल्यात डचांच्या अमलाखाली गेली. १८८६ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी लामालेरात पहिले बाप्तिस्मे दिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक जर्मन पाद्री, फादर बोडे, ह्यांनी तेथे दीर्घकाळ वास्तव्य केले, आणि गाव संपूर्ण कॅथलिक झाले.

तथापि गाव कॅथलिक झाले म्हणून जुने सर्व मावळले असे समजणे चूक ठरेल. शिकारीचा हंगाम, ज्याला ते लेफा म्हणतात, मे महिन्यापासून ऑक्टोबरच्या आसपासपर्यंत चालतो. त्याच्या आरंभी एप्रिलच्या अखेरच्या संध्याकाळी समुद्रात मृत्यू पावलेल्यांच्या आत्म्यांसाठी पुळणीवर मिस्सा होते आणि पेटत्या मेणबत्त्या पाण्यावर सोडल्या जातात. दुसऱ्या दिवशी पाद्री नावांना आशीर्वाद देतो. परंतु ह्या ख्रिस्ती विधीच्या बरोबरीने भूमिपती कुळाचा माणूस लाबालेकानच्या उतारावर देवमाशाच्या आकाराच्या एका शिळेपाशी जाऊन देवमाशांना बोलावतो, आणि तेथून विधी करीत समुद्रापर्यंत उतरतो. गावाच्या श्रद्धेप्रमाणे ह्या दोहोंपैकी एकही चुकता कामा नये. आणि दोहोंच्या आधी गावाने पुळणीवर एकत्र बसून गेल्या वर्षाची भांडणे मिटविलेली असावी लागतात. कारण गावात वैर शिल्लक असेल तर देवमासा येत नाही, आणि भालाईताचे घरी भांडण झालेले असेल तर लागलेला भाला निसटतो, असा त्यांचा पक्का समज आहे. मला ह्या समजुतीत भाबडेपणा दिसत नाही. ज्या कामात एकाच्या मनातील अढीने बारा जणांचा प्राण जाऊ शकतो, त्या कामास निघण्यापूर्वी मने स्वच्छ करून घेणे हा विवेकच आहे.

हे काम कसे आहे ते आता पाहावयाचे. लामालेराच्या नावेला तेना म्हणतात. ती सुमारे दहा मीटर लांब असून तिच्या फळ्या लाकडी मेखांनी जोडलेल्या असतात आणि आतील आडवे वासे फळ्यांत कोरून ठेवलेल्या कानांना दोरीने आवळलेले असतात. लोखंडी खिळा वर्ज्य. आताआतापर्यंत तिचे शीड गेबांग नावाच्या ताडाच्या पानांची वीण करून बनविले जाई. तेना बांधणाऱ्या सुतारास 'आता मोला' असे म्हणतात. त्याच्यापुढे कागदावरचा आराखडा नसतो, फळ्यांचा क्रम आणि मापे पिढीजात ठरलेली असतात, आणि फळी तसूभर चुकीची बसली तर देवमासा नेमका त्या जागी धडक देतो असे म्हणतात. प्रत्येक तेनेला नाव असते, ती कुळाची मालमत्ता असते, आणि तिची फळी कुजली की बदलली जाते, कालांतराने सर्वच फळ्या बदलून जातात. पण तेना तीच राहते, नाव तेच राहते आणि तिच्यावरचे हक्क तेच राहतात. तेना समुद्रात नष्ट झाली तर घरचे माणूस गेल्याप्रमाणे कुळ सुतक पाळते.

तेनेच्या नाळेपुढे वेळूंचा एक अरुंद मंच पाण्यावर पुढे काढलेला असतो. त्यावर जो उभा राहतो तो लामाफा, म्हणजे भालाईत. पुळणीवरून किंवा टेकडीवरून कोणास फवारा दिसला की 'बालेओ! बालेओ!' अशी हाक उठते आणि ती तोंडातोंडी गावभर जाते. मग हातातले काम, शाळा, प्रार्थना, जे असेल ते टाकून पुरुष नावांच्या शाळांकडे धावतात. ओंडक्यांवरून तेना पाण्यात ढकलली जाते, प्रार्थना म्हटली जाते, आणि वल्ही पडू लागतात. देवमासा जवळ आला की लामाफा वेळूच्या लांब दांड्याला बसविलेला लोखंडी फाळ दोन्ही हातांनी पेलून मंचाच्या टोकावर येतो आणि केवळ बाहूंच्या बळाने ही कातडी भेदणार नाही म्हणून स्वतः भाल्यासह देवमाशाच्या पाठीवर उडी घेतो. त्याच्या देहाचे सारे वजन फाळामागे गेलेले असते. पुढच्या क्षणी तो पाण्यात असतो, देवमासा बुडी मारीत असतो, आणि फाळाला बांधलेली दोरी तेनेतून अशा वेगाने सुटत असते की तिच्यावर पाणी ओतावे लागते, आणि तिच्या विळख्यात कोणाचा पाय सापडला तर तो गेलाच. ही दोरी कापूस, ताडाचे तंतू आणि झाडाची साल ह्यांपासून वळलेली असते. ती पवित्र मानली जाते आणि कुळाच्या मूळ घरात ठेवली जाते. त्यानंतर तासन् तास, क्वचित रात्र उलटेपर्यंत, जखमी देवमासा तेनेला ओढीत राहतो आणि इतर तेना आपापले फाळ रोवून त्याचे बळ कमी करीत राहतात. १९९४ च्या मार्च महिन्यात काही तेना अशाच ओढल्या गेल्या आणि तिमोरच्या दिशेने इतक्या दूर वाहवल्या की नावा गमवाव्या लागल्या. माणसे अनेक दिवस समुद्रात काढल्यानंतर एका प्रवासी जहाजाला सापडली म्हणून वाचली.

मात्र सगळ्याच देवमाशांवर हात टाकला जात नाही. निळा देवमासा आणि त्याच्यासारखे दातांऐवजी झालरी असलेले सर्व देवमासे पूर्वापार निषिद्ध आहेत. अशा देवमाशाने पूर्वजांना समुद्रातून वाचविले अशी कथा त्यामागे सांगितली जाते.

ह्या शिकारीची वर्णने वाचणारा बहुतेक प्रत्येक जण लामाफाच्या उडीपाशी थांबतो, आणि चित्रपट काढणारेही तेथेच थांबतात. माझ्या मते लामालेराचे खरे कर्तृत्व त्यानंतर, पुळणीवर, ओहोटीच्या वेळी सुरू होते. देवमासा ओढून आणलेला असतो. जाणते लोक सुऱ्या घेऊन त्याच्या अंगावर रेषा आखतात, आणि त्या रेषांप्रमाणे हजारो किलो मांस, चरबी आणि हाडे अशी विभागली जातात की कोणता तुकडा कोणाचा ह्याबद्दल शब्दही उच्चारावा लागत नाही. शरीराच्या प्रत्येक भागाला नाव आहे आणि प्रत्येक नावाचा हक्कदार ठरलेला आहे. वल्हेकऱ्यांचा वाटा वेगळा, लामाफाचा वेगळा, तेनेत कुळाच्या नात्याने भाग असलेल्या घरांचा वेगळा, मग त्या घरचा माणूस त्या दिवशी नावेत असो वा नसो. ज्या सुताराने तेना बांधली त्याचा वाटा, ज्या लोहाराने फाळ ठोकला त्याचा वाटा, ज्याने शीड विणले त्याचा वाटा. आणि वर ज्या मोबदल्याचा उल्लेख आला तो हा : शतकांपूर्वी ज्या भूमिपती कुळांनी पाय ठेवण्यास जागा दिली, त्यांच्या वंशजांना स्पर्म व्हेलच्या डोक्याचा भाग आजही पोचता होतो.

मराठी वाचकास हे वाचताना आपल्या गावगाड्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. खळ्यावर धान्याची रास पडली की सुतार, लोहार, कुंभार, चांभार आपापले बलुते घेऊन जात. ती भीक नव्हे आणि मजुरीही नव्हे, तो हक्क होता, आणि त्या हक्काच्या बदल्यात वर्षभर नांगर-औते दुरुस्त होत. लामालेराची पुळण हे त्या गावाचे खळे आहे. भेद एवढाच, आणि तो लहान नाही, की आपल्या बलुत्यात जातीची उतरंड होती आणि तळच्या माणसाच्या पदरात हक्काबरोबर अवमानही पडत असे. लामालेरातही कुळांत मानाचे कमीअधिक आहे, पण लामाफा असो की लोहार, सर्व एकाच पुळणीवर उभे राहून आपला भाग नेतात, आणि एकाच प्रार्थनामंदिरात शेजारी बसतात.

एवढ्यावर वाटणी संपत नाही. हक्काचा भाग घरी आला की त्यातून पुन्हा वाटे निघतात : बहिणीच्या घरी, सासुरवाडीस, शेजाऱ्याकडे, ज्या घरातला पुरुष समुद्रात गेला त्या घरी. विधवा आणि पोरकी मुले ह्यांचा विचार आधी होतो, असे गावकरी अभिमानाने सांगतात. मांसाच्या पट्ट्या वेळूच्या मांडवांवर वाळत घातल्या जातात, त्यांतून ठिबकणारे तेल पन्हळींत धरून दिव्यांसाठी राखले जाई, आणि देवमाशाच्या वासाने सारे गाव कित्येक दिवस भरलेले असते.

मायकेल अल्वार्ड आणि डेव्हिड नोलिन ह्या दोन अमेरिकन मानवशास्त्रज्ञांनी ह्या वाटणीचा मोजमाप घेऊन अभ्यास केला आणि २००२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. रूसोने अठराव्या शतकात मांडलेला एक प्रश्न त्यांनी त्यात पुढे घेतला होता : हरणाच्या शिकारीसाठी अनेक जण दबा धरून बसले असता एकाच्या समोरून ससा गेला, तर तो आपली जागा सोडून सशाच्या मागे लागणार नाही कशावरून? लामालेरातील पुरुषालाही एकट्याने गळ टाकून मासे पकडणे शक्य असते. तो ससा रोज त्याच्या समोरून जात असतो. अभ्यासकांना असे आढळले की एकत्र शिकारीतून माणशी मिळणारे उत्पन्न एकट्याच्या मासेमारीहून अधिक होते, आणि हे एकत्र येणे टिकून राहते ते वाट्याचे नियम आधीपासून सर्वांस ठाऊक असल्यामुळे. ऑक्सफर्डचे रॉबर्ट बार्न्स, ज्यांचा लामालेरावरील बृहद्ग्रंथ १९९६ मध्ये निघाला, त्यांनीही नावांपेक्षा नावांवरच्या हक्कांची नोंद अधिक चिकाटीने केली आहे, आणि ते योग्यच होते. गावाची खरी घटना त्या हक्कांतच लिहिलेली आहे.

परंतु मांस खाऊन माणूस किती दिवस राहील? धान्य हवे, केळी हवीत, भाजी हवी. आणि ती डोंगरात आहेत. येथे लामालेराच्या स्त्रियांचे काम सुरू होते, आणि शिकारीची जितकी कीर्ती झाली तितकी ह्या कामाची झाली नाही, हा अन्याय आहे. वाळलेल्या मांसाच्या आणि माशांच्या पट्ट्या डोक्यावरच्या टोपलीत घालून त्या पहाटेपूर्वी निघत, अनवाणी कित्येक किलोमीटर डोंगर चढत, आणि आतल्या गावांत घरोघर जाऊन मका, कंद, केळी घेऊन परतत. ह्या फेरीस पेनेतांग म्हणतात. शिवाय किनाऱ्यावर पूर्वेकडे वुलांदोनी येथे दर शनिवारी बाजार भरतो. डोंगरातील स्त्रिया एका बाजूस, समुद्राकडच्या एका बाजूस. बाजाराचा अधिकारी जकात गोळा करतो, शिट्टी वाजते, आणि त्यानंतरच देवघेव सुरू होते. हिशेब सहाच्या गटांनी चालतो. एका पट्टीला मक्याची बारा कणसे किंवा बारा केळी, असा भाव पिढ्यान् पिढ्या चालत आला. बाहेर नाण्यांची किंमत चढली, उतरली, डच गिल्डर गेला, रुपिया आला. बारा कणसांचा भाव तसाच राहिला. डोंगरातल्या घरांशी ह्या स्त्रियांची नाती असतात, मक्याचे पीक बुडाले तर उधार दिले जाते आणि समुद्र रिकामा गेला तरी कणसे मिळतात. दुष्काळात माणसे जगविणारी ही व्यवस्था स्त्रियांनी आपल्या डोक्यावर वाहिली आहे.

ह्याच स्त्रिया मागावरही बसतात. सूत रंगविण्यापूर्वीच गाठी मारून त्यावर नक्षी उठविण्याची कला, इकत, ह्या बेटांवर पराकाष्ठेस पोचलेली आहे. लामालेराच्या वस्त्रांत तेना, देवमासे आणि पाकट मासे विणलेले दिसतात. आणि त्यांच्या शेजारी काही आकृती अशा असतात की ज्यांचा उगम गुजरातेत आहे. पाटणचा पटोला मसाल्याच्या व्यापाराबरोबर ह्या बेटांवर गेला, तेथे तो राजवैभव मानला गेला, आणि तेथील विणकर स्त्रियांनी त्याचे आकार आपल्या तांबूस-तपकिरी सुतात उतरविले. लग्नात वधूपक्षाकडून ही वस्त्रे जातात आणि वरपक्षाकडून हस्तिदंत येतो. ह्या बेटांवर हत्ती नाही. समुद्रमार्गाने शतकांपूर्वी आलेले तेच सुळे घराघरांतून फिरत राहतात.

गावाचे दारिद्र्य पाहून ज्यांना त्याची कणव आली त्यांनी ते सुधारण्याचाही प्रयत्न केला. १९७३ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने यांत्रिक नौका आणि तोफेसारखा भाला घेऊन आधुनिक शिकार शिकविण्याची योजना आणली. थोड्याच काळात ती गुंडाळावी लागली. ह्या नव्या नौकेस कुळ नव्हते, सुतार नव्हता, भागीदार घरे नव्हती. तिने मारलेला देवमासा कोणी कोणास वाटावा हे सांगणारी रेषा त्याच्या अंगावर काढता येत नव्हती.

दुसरा प्रयत्न उलट दिशेने झाला. देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर जगभर बंदी घालण्याचा ठराव १९८२ मध्ये झाला आणि १९८६ पासून अमलात आला. इंडोनेशिया हा ठराव करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा सभासद नाही, आणि निर्वाहापुरती शिकार करणाऱ्या आदिवासींना त्या ठरावातही मुभा आहे. तरी १९९९ च्या सरकारी नियमावलीने देवमासे संरक्षित प्राणी ठरले आणि २०१४ मध्ये मँटा जातीचे प्रचंड पाकटही, ज्यांवर लामालेराचा मोठा उदरनिर्वाह होता. २००९ मध्ये सावू समुद्रात विस्तीर्ण सागरी उद्यान जाहीर झाले, तेव्हा लामालेराने जोराचा विरोध केला आणि लेंबाताभोवतीचे पाणी त्यातून वगळले गेले. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आलेक्झांडर सोनी केराफ, जे १९९९ ते २००१ ह्या काळात इंडोनेशियाचे पर्यावरण खात्याचे मंत्री होते, ते ह्याच गावचे पुत्र. आणि ज्यांच्या व्याकरणाने व लेखनशास्त्रावरील पुस्तकांनी इंडोनेशियातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या ते भाषापंडित गोरिस केराफही लामालेराचेच. वाळलेल्या मांसाच्या जोरावर ह्या गावाने मुलांना शाळांत धाडले, आणि त्यांतून पाद्री, शिक्षक, अधिकारी निघाले. अशा गावास अडाणी समजून दुरून आज्ञा करणे शोभत नाही.

देवमाशाच्या वेदनेचा प्रश्न मात्र मी टाळू इच्छीत नाही. तो मोठ्या मेंदूचा, कळपाने राहणारा, पिलांना एकमेकांच्या हवाली करून बुडी मारणारा प्राणी आहे, आणि वल्ह्याच्या नावेतून भाल्याने होणारे त्याचे मरण जलद नसते. हे जाणूनही माझा कौल गावाकडे आहे. ज्या राष्ट्रांच्या कारखानी जहाजांनी विसाव्या शतकात लाखो स्पर्म व्हेल मारून त्यांचे वंगण आणि साबण केले, त्यांच्या पापाचा हिशेब वर्षाकाठी कधी चार-पाच आणि कधी काही डझन देवमासे मारणाऱ्या गावाकडून वसूल करणे न्याय्य नाही.

आणि तशी वसुली करण्याची गरजही कदाचित उरणार नाही, कारण गाव आतूनच बदलत आहे. नावेच्या मागे टांगावयाचे इंजिन गेल्या शतकाच्या अखेरीस आले. त्याच्या एका प्रसिद्ध छापावरून अशा होड्यांना गावकरी 'जोनसोन' म्हणतात. प्रथम त्या पाकट आणि डॉल्फिन ह्यांच्या मागे लागल्या, नंतर तेनांना ओढीत देवमाशापर्यंत नेऊ लागल्या, आणि ज्या वृद्धांनी वल्ह्यावाचून देवमाशाजवळ जाणे हा अपराध मानला होता त्यांनाही हळूहळू नमते घ्यावे लागले. इंजिनास पेट्रोल लागते, पेट्रोलास रोख पैसा लागतो, आणि रोख पैशाची बारा कणसे होत नाहीत. नायलॉनची लांब जाळीही आली आहेत; ती एक घर एकट्याने रात्री टाकू शकते आणि सकाळी काढू शकते, म्हणून तरुणांना ती आवडतात, आणि म्हणूनच वडील माणसांना ती खटकतात, कारण जाळ्यात सापडलेल्या माशावर लोहाराचा किंवा भूमिपतीचा हक्क कोणी लिहून ठेवलेला नाही. मुली शिकावयास लेवोलेबास, कुपांगला, जाकार्ताला जातात. डोक्यावर टोपली घेऊन डोंगर चढणाऱ्यांत पिकलेल्या केसांच्याच अधिक.

हे सर्व प्रश्न दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस पुळणीवरच्या बैठकीत येतात, जिला तोबू नामा फाता म्हणतात. कुळांचे प्रमुख, लामाफा, भूमिपती, अलीकडे शिक्षक आणि सरकारी नोकरही, वाळूवर बसून बोलतात. इंजिन कोठपर्यंत चालवावे, कोणत्या दिवशी जाळी टाकू नयेत, कोणत्या तेनेची डागडुजी ह्या वर्षी करावयाची आणि तिच्या भागीदार घरांनी लाकूड कोणी आणावयाचे, ह्यांवर तेथे तासन् तास वाद होतो, आणि काही वर्षी तो मिटतो, काही वर्षी पुढच्या एप्रिलवर जातो. मे उजाडला की तेना पाण्यात जातात.